डाव्या विंगवर कोण?

संघ निवडायचं काम काटेसाहेबांना कुणीही दिलेलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते पाहून बऱ्याच जणांचा तसा समज झाला, आणि दोन दिवस खुद्द काटेसाहेबांचाही होत होता.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर जप्त करायचे, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. त्यांच्याकडे मखमलीच्या डबीत पितळी वजनं असत. त्यांना ते बोट लावत नसत, चिमट्याने उचलत, कारण बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलतं. असा माणूस घरात चहात साखर घालतानाही चमचा डोळ्यासमोर धरतो. त्यांच्या बायकोने याची सवय करून घेतली होती. इमारतीने मात्र त्यांचं नाव काटेसाहेब ठेवलं आणि मोकळी झाली.

त्या आठवड्यात गावातल्या स्टेडियमवर पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय सामना होणार होता. सतरा वर्षांखालच्या मुलींचा, फुटबॉलचा. आपला संघ आणि पाहुण्यांचा संघ, रविवारी दुपारी चार वाजता. पाहुण्यांनी मागच्या वर्षी आपल्याला सहा गोलांनी धुतलं होतं. आणि आपल्या तेवीस जणींच्या चमूत काटेसाहेबांची सख्खी भाची होती. त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहणारी, जिन्यावरून कधी चालत न उतरलेली, सोळा वर्षांची. नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणत. अंगावर अकरा नंबर, खेळायची जागा डावी विंग, म्हणजे डाव्या कडेने पुढे धावायचं.

अडचण अशी, की डाव्या विंगवर आणखी एक मुलगी होती. एकोणीस नंबरची. उंच, लांब पायांची, डोकं कायम ढगात. इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तिचं नाव शिडी ठेवलं होतं. दोघींपैकी कोण खेळणार हे प्रशिक्षक बाईंनी ठरवलेलं नाही, असं सोमवारच्या पेपरात आलं. बस. एवढ्यावर इमारत पेटली.

सोमवारी संध्याकाळी खाली स्कूटर लावतात तिथे सभा भरली. सभा कुणी बोलावली नव्हती. कचऱ्याची बादली घेऊन उतरलेला माणूस थांबला, त्याच्याशी बोलायला दुसरा थांबला, आणि पंधरा मिनिटांत बावीस जण आणि सहा बादल्या जमल्या.

"भिंगरीच," असं एका बाजूचं म्हणणं.

"शिडी," दंतवैद्य म्हणाले. "भावना बाजूला ठेवा. मी रोज लोकांचे दात काढतो, भावना ठेवली तर एक दात निघायचा नाही. शिडी उंच आहे. कॉर्नरला डोकं लावेल. भिंगरी काय, उडी मारून कंबरेपर्यंत जाईल."

"फुटबॉल पायाने खेळतात," काटेसाहेब म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही मामा आहात."

मामा असणं हा गुन्हा आहे असं आजवर कुणी काटेसाहेबांना सांगितलं नव्हतं.

"मामा असलो म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा मी जप्त केलाय. विचारा हिला." 'हिला' म्हणजे बायकोला. बायकोने मान डोलावली. तो प्रसंग तिच्या माहेरी अजून निघतो.

"तो काटा होता," दंतवैद्य शांतपणे म्हणाले. "ही भाची आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या भूमितीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, पण खडू त्यांच्या पर्समध्ये अजून असायचा. त्यांनी स्कूटरांच्या मधल्या जमिनीवर तीन-चार-तीन असा संघ मांडून दाखवला आणि प्रश्न व्यक्तीचा नसून कोनाचा आहे असं सांगितलं. त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण सगळे काटेसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो तांबडा झाला होता.

"ठीक आहे," काटेसाहेब म्हणाले. "मी सगळ्या तेवीस जणींची तपासणी करतो. गुण देऊन. ग्रॅमचाही फरक होणार नाही. त्यातून जो संघ निघेल तो निघेल. मग मला मामा म्हणून दाखवा."

मंगळवार आणि बुधवारचा सराव लोकांना बघायला खुला होता. काटेसाहेबांनी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती तपासणी' असं लिहिलं, वरच्या साहेबांना ते आजारपण वाटलं आणि त्यांनी काळजीने मंजूर केली. रिकाम्या स्टेडियममध्ये, सिमेंटच्या पायरीवर गादी टाकून ते बसले. मांडीवर खात्याची जाड वही, गळ्यात शेजाऱ्यांकडून आणलेली दुर्बीण. मुलींना दहा रकान्यांत दहापैकी गुण. वेग, दम, उजवा पाय, डावा पाय, डोकं, पास, अडवणूक, नजर, जिद्द आणि शिस्त. शंभरपैकी बेरीज.

पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी सहा जण होते. दुसऱ्या दिवशी चाळीस. माणूस वही घेऊन बसला की लोक आपोआप जमतात. त्यांतला प्रत्येक जण त्यांच्या कानाशी लागून सांगायचा, "साहेब, त्या पाच नंबरच्या मुलीला पासचा अर्धा मार्क वाढवा, ऊन तिच्या डोळ्यांवर होतं." काटेसाहेब नुसती मान हलवायचे. त्यांना हे सगळं फार आवडायला लागलं होतं. सव्वीस वर्षं त्यांच्याकडे लोक फक्त घाबरून बघत आले होते. आता आशेने बघत होते.

आणि खेळ! खेळाबद्दल ते काहीच धरून आले नव्हते, पण त्या मुली धावायला लागल्या की त्यांची नजर हटत नसे. सात नंबरची मुलगी, जिला लोकांनी टाचणी म्हणायला सुरुवात केली होती, ती दोघींच्या मधून अशी निघायची की काटेसाहेब वही विसरून उभे राहायचे. मग आजूबाजूला बघून बसायचे आणि वेगाला नऊ लिहायचे.

बुधवारी दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर त्यांनी बेरजा केल्या. दोनदा केल्या. तिसऱ्यांदा उलट्या बाजूने केल्या. मग पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"शिडीला एकाहत्तर."

"आणि आपल्या?"

"साडेसत्तर."

बायकोने वही ओढून घेतली. बोटाने रकाने चाचपत गेली आणि थांबली. "शिस्त साडेचार? अहो, शिस्त साडेचार? शिडीला सात दिलेत तुम्ही!"

"शिडीची मला काही माहिती नाही. मैदानावर दिसली तेवढी शिस्त दिली. हिची मला आहे माहिती. तुझ्याकडून नेलेला डबा तिने कधी परत आणलाय? ओला टॉवेल कुठे टाकते? मागच्या महिन्यात चपला दोन वेगवेगळ्या घालून बँकेत गेली."

"त्याचा फुटबॉलशी काय संबंध?"

"शिस्त ती शिस्त."

"एक गुण वाढवा."

"मग तो काटा खोटा झाला."

बायकोने वही मिटली. "तुम्हाला एकदा कुणीतरी जप्त केलं पाहिजे," ती म्हणाली आणि उठून गेली.

काटेसाहेबांनी अकरा जणींची यादी शुद्ध अक्षरात उतरवली, डाव्या विंगवर शिडीचं नाव घातलं, प्रत्येकीपुढे रकान्यांसकट गुण आणि राखीव खेळाडूंचेही तसेच गुण दिले, आणि सवयीने खाली लिहून टाकलं, 'समक्ष तपासले व योग्य आढळले.' सही. हुद्दा. तारीख.

संध्याकाळी स्कूटर लावतात तिथे यादी वाचली गेली तेव्हा दंतवैद्यांनी त्यांना मिठी मारली. "मी माझे शब्द मागे घेतो. तुम्ही मामा नाही, तुम्ही माणूस आहात!" भिंगरीच्या बाजूचे लोक उदास झाले, पण त्यांनाही आदर वाटला. ताई, म्हणजे भिंगरीची आई, त्या वेळी कामावर होती हे एक बरं झालं. आणि त्या आदराच्या भरात कुणीतरी म्हणालं, की ही यादी नुसती इमारतीत राहून काय उपयोग, ती प्रशिक्षक बाईंना कळायला हवी. कुणी म्हणालं ते नंतर कबूल करायला एकही जण पुढे आला नाही.

गुरुवारी सकाळी काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून स्टेडियमच्या कार्यालयात गेले. आवक खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर शिक्के, गोंदाची बाटली आणि स्टीलचा डबा.

"तक्रार आहे का अर्ज?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"दोन्ही नाही. प्रशिक्षक बाईंसाठी एक सूचना आहे."

"सूचनांची पेटी बाहेर आहे. पण तिची फट बंद केलीये."

"का?"

"लोक सूचना टाकायला लागले होते."

काटेसाहेब स्वतः सरकारी माणूस होते. हे उत्तर त्यांना पटलं. त्यांनी अदबीने विचारलं, की मग याला मार्ग काय. बाई म्हणाल्या, तीन प्रती आणा, वर ठळक अक्षरात काय आहे ते लिहा, म्हणजे ज्या त्या ठिकाणी जाईल. काटेसाहेब रस्त्यापलीकडे जाऊन प्रती काढून आले. पहिल्या प्रतीला टाचणी नव्हती म्हणून परत गेले. मग टाचणी उजव्या कोपऱ्यात होती, ती डाव्या हवी होती. तिसऱ्या फेरीला त्यांनी तिन्ही प्रतींच्या माथ्यावर सुवाच्य मोठ्या अक्षरात 'सूचना' असं लिहिलं, खाली 'रविवारच्या सामन्यासाठी अकरा खेळाडूंची निवड', आणि आत सरकवलं. बाईंनी तिन्हींवर गोल शिक्का हाणला. एवढा नेमका, मधोमध बसलेला शिक्का बघून काटेसाहेबांचं मन भरून आलं. निघताना त्यांनी बाईंचं कौतुकही केलं.

आता मराठीत सूचना म्हणजे आपण नम्रपणे सुचवलेली गोष्ट, आणि सूचना म्हणजे कार्यालयाने लोकांना दिलेली ताकीदही. काटेसाहेबांच्या मनात पहिला अर्थ होता. बाईंच्या मनात दुसरा. त्यांनी एक प्रत फाइलला लावली, एक टपालात टाकली, आणि तिसरी उठून स्वतः नेऊन दारातल्या सूचना फलकावर लावली, वाहनतळाची सूचना आणि पाण्याच्या बाटल्या आत न नेण्याची सूचना यांच्या बरोबर मधे. काच सरकवली. कुलूप लावलं.

शुक्रवारचा पेपर बायकोने चहाबरोबर आणून समोर ठेवला. खेळाच्या पानावर वर मथळा होता, 'संघ जाहीर! डाव्या विंगवर एकोणीस नंबर. स्थानिक मुलगी बाहेर'. खाली फलकाचा फोटो. आणि फोटोत, छापखान्याने कधी नव्हे ती शाई नीट लावल्यामुळे, 'शिस्त ४.५' स्वच्छ वाचता येत होतं. सहीसुद्धा.

काटेसाहेबांनी पेपर उलटा करून ठेवला.

बेल कुणी दाबत नव्हतं, दारच धडाधड वाजत होतं. ताई आत आली. ती काटेसाहेबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिने त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं आणि तो हक्क तिने कधीच सोडला नव्हता. तिच्या हातातही पेपर होता.

"ही सही कुणाची?"

"ताई, बस आधी."

"सही कुणाची?"

"माझी."

"माझ्या पोरीची शिस्त साडेचार?"

"ताई, ते दहापैकी आहे."

हे म्हणायला नको होतं. ताईने पेपरची घडी घातली, ती टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद. काही सांगायचं असेल तर वहिनीकडून सांग." आणि गेली. जाताना दार आपटलं नाही, हळूच लावलं. काटेसाहेबांना ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

इमारतीने रंग बदलायला अर्धा तासही घेतला नाही. परवा मिठी मारणारे दंतवैद्य आज जिन्यात म्हणाले, "एवढं कठोर व्हायचं कशाला हो? घरची मुलगी आहे." भूमितीच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ऑफिसात कुणीतरी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला होता, 'काटेसाहेब, आमचे गुण किती?' त्यांनी तो फाडला, मग तुकडे गोळा करून टोपलीत टाकले.

पण खरी गोष्ट संध्याकाळी सहा वाजता झाली. मुली सामन्यापर्यंत वसतिगृहात राहत होत्या आणि त्यांना फोन रोज एक तास मिळायचा. काटेसाहेबांचा फोन वाजला.

"मामा."

"बोल, बेटा."

"मी वाचलं."

"ते असं झालं, की तो कागद..."

"उजव्या पायाला दोन दिलेस?"

"तू मारतच नाहीस गं उजव्याने."

"आणि अडवणुकीला तीन."

"तू मागे येतच नाहीस. चेंडू गेला की तिथेच उभी राहतेस, कमरेवर हात ठेवून. मी दोन दिवस बघितलं ना."

पलीकडे मागे कुणीतरी हसत होतं, बादलीचा आवाज येत होता.

"मामा, सगळ्या मला साडेचार म्हणतायत," भिंगरी म्हणाली. फोन बंद झाला.

त्या माणसाने आयुष्यात शेकडो दुकानदारांना तोंडावर खोटं ठरवलं होतं आणि कुणाच्याही नजरेला नजर देताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज तो बाल्कनीत उभा राहून, खाली कुणी नाही हे बघून, दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

शनिवारी सकाळी ते पुन्हा आवक खिडकीवर गेले. यादी काढून टाका, म्हणाले.

"लावलेली सूचना काढायला दुसरी सूचना लागते," बाई म्हणाल्या. "'आधीची सूचना रद्द समजावी' अशी. तिच्यावर साहेब सही करतात."

"साहेब कुठे आहेत?"

"पाहुण्यांना फिरवायला गेलेत."

"निदान काचेची किल्ली द्या."

"ती साहेबांच्या खिशात."

काटेसाहेब फलकापाशी गेले. तिथे एक ठेंगणी बाई उभी होती. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, आणि पंजावर उभं राहून ती त्यांची यादी बारकाईने वाचत होती. पेपरात फोटो येत असल्यामुळे काटेसाहेबांनी प्रशिक्षक बाईंना ओळखलं आणि मागच्या मागे निसटायला वळले.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे कुणी केलंय माहितीये का तुम्हाला?"

पळून जावंसं वाटत होतं, पण खोटं बोलता येईना. "मी," ते म्हणाले.

"गोलकीपरला उडीचे आठ का दिलेत?"

"उडीचा रकानाच नाही. ते जिद्दीचे आठ आहेत."

"बरोबर. पण पासचे पाच कमी आहेत. लांबचा पास बघितलात तिचा?"

"लांबचा बघितला. तीनदा बाहेर गेला."

"वारा होता."

"वारा दोन्ही बाजूंना असतो," काटेसाहेब म्हणाले, आणि मग त्यांना आपण कोणाशी बोलतोय हे विसरायला झालं. टाचणीला पुढे खेळवावं का मधे, पाच नंबरला उन्हाचा त्रास होतो का, नऊ नंबरची मुलगी पहिल्या वीस मिनिटांत दमते मग तिला दुसऱ्या डावात का आणू नये. पाऊण तास ते दोघे त्या काचेसमोर उभे राहून भांडत होते. एकदा बाईंनी शिट्टी वाजवून त्यांना गप्प केलं. खिडकीतल्या बाई डबा खात ऐकत होत्या. गेल्या दोन दिवसांत काटेसाहेबांना पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

मग त्यांना आठवलं. "बाई, हिला घ्या म्हणून मी सांगत नाही. पण अकरा नंबर माझी भाची आहे. मी तिचं घरचं माहीत असल्यामुळे गुण कापलेत. ते चूक आहे. तो साडेचार काढून टाका मनातून."

बाई हसल्या. "काल संध्याकाळी सरावाला तिने एकोणीस नंबरला चार वेळा अडवलं. अंगावर धावून जाऊन. एरवी मी घसा फाटेस्तोवर ओरडते, मागे ये, मागे ये, तेव्हा येत नाही. काल कुणाचा राग होता काय माहीत."

"माझा," काटेसाहेब म्हणाले.

"असू दे," बाई म्हणाल्या. "आमच्या तीन नंबरचा पाय परवा मुरगळलाय." आणि टोपी सारखी करून आत निघून गेल्या. या शेवटच्या वाक्याचा आधीच्या वाक्याशी काय संबंध, हे काटेसाहेबांना घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावरही कळलं नाही.

रविवारी तीन वाजता इमारत रिकामी झाली. चौतीस जण एका रांगेत आणि तिच्या मागच्या रांगेत बसले. ताई पुढे, मधोमध, पाठ ताठ. काटेसाहेब मागे, कडेला, खांबाच्या आड. दोघांच्या मधे बायको, दोन्हीकडचे निरोप सांगायला. निरोप एकही नव्हता.

बारा हजार माणसं! गावात एवढी माणसं आहेत हे काटेसाहेबांना, सगळी दुकानं माहीत असून, माहीत नव्हतं. तोंडाला रंग लावलेली पोरं, शिट्ट्या, पिपाण्या. आणि जिकडेतिकडे तोच वाद. मागे कुणीतरी म्हणत होतं, "शिडी. पेपरात आलंय." पुढचा म्हणत होता, "पेपरातलं खोटं आहे, कुठल्यातरी काटेवाल्याने उठवलंय." काटेसाहेब खांबाला आणखी चिकटले.

कर्ण्यावरून नावं सुरू झाली. गोलकीपर. दोन नंबर. पाच नंबर. प्रत्येक नावाला स्टेडियम हंबरत होतं. मग आवाज म्हणाला, "डाव्या बचावाला, नंबर अकरा..."

पुढचं ऐकूच आलं नाही. आपली रांग उठून उभी राहिली होती.

"डावा बचाव?" दंतवैद्य ओरडले. "डावा बचाव कोण म्हणालं होतं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. चार संध्याकाळी, सहा बादल्या, शंभर गुण, जमिनीवरचे खडूचे कोन, आणि त्या जागेचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पाय मुरगळलेली तीन नंबर तिथे खेळायची, हे काटेसाहेबांना आत्ता आठवलं.

"आणि डाव्या विंगवर, नंबर एकोणीस!"

दोघीही! एक पुढे, एक मागे. भिंगरीची बाजू आणि शिडीची बाजू एकमेकांच्या गळ्यात पडली. भूमितीच्या बाई हात उंचावून म्हणत होत्या, "कोन! मी काय सांगत होते!"

सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत आनंद ओसरला. पाहुण्यांची उजवी विंगर बारकी, चपळ, पाऱ्यासारखी. भिंगरीने अंगावर धाव घेतली, ती बाजूने निसटली. दुसऱ्यांदा तेच. बाविसाव्या मिनिटाला ती पुन्हा निसटली, चेंडू मधे आला आणि गोल.

पिपाण्या खाली आल्या.

"काटेसाहेबांनी लिहिलंच होतं," दंतवैद्य मागे वळून म्हणाले. "अडवणूक तीन. बरोबर तीनच."

आणि त्या क्षणी काटेसाहेबांना काय झालं ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. ते खांबाआडून बाहेर आले. "तोंड बंद करा!" ते गरजले. "पहिल्यांदा त्या जागी खेळतीये ती! तुम्ही पहिला दात काढला तेव्हा बरोबरचाच काढला होता का?"

दंतवैद्य खाली बसले. त्या प्रश्नामागे काहीतरी इतिहास असावा.

काटेसाहेब मात्र त्यानंतर बसलेच नाहीत. पायरीवर उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते, "भिंगरीऽ, मागेऽ! मागे ये गंऽ! आत घेऊ नको तिलाऽ!" निःपक्षपातीपणा कुठे गेला कोण जाणे. पंचांना त्यांनी जे काही म्हटलं ते त्यांच्या बायकोने सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आजूबाजूचे लोक आधी हसले, मग त्यांच्याबरोबर ओरडायला लागले. दुसऱ्या डावात सगळा कोपरा एका सुरात 'मागे ये गंऽ' म्हणत होता आणि भिंगरी खरंच मागे येत होती. बारकी विंगर पुढे जाई, भिंगरी तिच्या पुढे हजर. एकदा, दोनदा, पाचदा. त्या मुलीने वैतागून कमरेवर हात ठेवले.

एकोणसत्तराव्या मिनिटाला भिंगरीने तिच्या पायातून चेंडू काढला आणि थेट शिडीकडे ढकलला. शिडी लांब टांगा टाकत कोपऱ्यापर्यंत गेली, चेंडू मधे उचलून मारला, आणि नऊ नंबरने, जी काटेसाहेबांच्या मते वीस मिनिटांत दमायला हवी होती, डोक्याने आत घातला. एक-एक!

दंतवैद्यांनी भूमितीच्या बाईंना उचललं. बाईंनी ते चालवून घेतलं.

शेवटची चार मिनिटं राहिली. पाहुण्यांचा कॉर्नर. गोलकीपर बाहेर आली, चुकली, चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून रिकाम्या गोलकडे निघाला. रेषेवर एकटी भिंगरी. पाय पोचणार नव्हता, डोकं पोचणार नव्हतं. तिने सरळ पोट पुढे केलं. असा आवाज झाला की मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. चेंडू बाहेर, भिंगरी जमिनीवर, आणि शिट्टी.

ज्यांनी सहा गोल घातले होते त्यांच्याशी बरोबरी! लोक जिंकल्यासारखे नाचत होते. अनोळखी माणसांनी काटेसाहेबांचा शर्ट ओढून फाडला आणि ते त्यांना धन्यवाद देत होते. म्हणजे ओठ हलत होते. आवाज कधीचाच गेला होता.

मुली कुंपणापाशी आल्या. इमारत धावत खाली उतरली. भिंगरीच्या गुडघ्यांवर माती, पोटावर चेंडूचा गोल डाग, आणि ती हसत होती. ताईने जाळीतून हात घालून तिचा चेहरा धरला. दंतवैद्य पुढे घुसून सांगत होते, की डाव्या बचावाचं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं, बोलले नाहीत एवढंच. काटेसाहेब सगळ्यांच्या मागे उभे राहिले. फाटका शर्ट हाताने धरून.

भिंगरीने टाचा उंचावून गर्दीवरून बघितलं. "मामा कुठेय?"

गर्दी बाजूला झाली. काटेसाहेब जाळीपाशी आले. तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा बाहेर पडली.

"काय?" भिंगरी म्हणाली. "ऐकू येत नाही."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मान ताणून, डोळे मिटून. खरखर झाली फक्त. त्यांनी हताश होऊन बायकोकडे बघितलं, पण बायको मागे गर्दीत अडकली होती. शेजारी ताई होती. तिने त्यांच्या ओठांकडे बघितलं, त्यांच्या फाटक्या शर्टाकडे बघितलं, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो म्हणतोय," ताई म्हणाली, "माझं चुकलं."

भिंगरीने जाळीतून बोटं बाहेर काढली आणि मामाची कॉलर पकडली.

"आई, तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण त्याला सांग, परत एकदा म्हण. थांब, आधी सगळ्या मैत्रिणींना बोलावते."